आकारणीपूर्वी दुरुस्ती : सार्वजनिक वसाहतींतील पाणीगळतीचा प्रश्न

पाणी मोजून द्यावे आणि मोजमापाप्रमाणे त्याचे मूल्य घ्यावे, हे तत्त्व आज अनेक देशांतील नगरव्यवस्थेने मान्य केले आहे. वीज मोजून मिळते, धान्य मोजून मिळते. मग पाणीच तेवढे बिनमोजणीचे का असावे, असा प्रश्न साहजिकपणे विचारला जातो. मोजणीमुळे उधळपट्टीला आळा बसतो, काटकसरी कुटुंबाला त्याच्या काटकसरीचे फळ मिळते आणि पाणीपुरवठ्याचा खर्च कोणी किती उचलावा याला काहीएक आधार लाभतो. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांविषयी वाद घालण्याचे कारण नाही.

तथापि या तत्त्वाच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. मापकयंत्रातून जेवढे पाणी गेले तेवढे रहिवाशाने वापरले, हे ते गृहीत होय. नळ धड असतील तर ते खरे ठरते. नळ गळका असेल तर मात्र ते साफ खोटे ठरते. कारण यंत्राला वापर आणि गळती यांतील भेद कळत नाही. माणसाने प्यालेले पाणी आणि जमिनीत मुरून गेलेले पाणी ही दोन्ही त्याच्या चकत्यांवर एकाच आकड्याने उमटतात. ज्याचे घर स्वतःच्या मालकीचे आहे त्याला या आकड्याचा बोध घेऊन नळ दुरुस्त करता येतो. परंतु नगरपालिकेने किंवा शासनाने बांधलेल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. तेथे नळ संस्थेच्या मालकीचा असतो आणि देयक मात्र रहिवाशाच्या नावावर येते. अशा वसाहतींत मोजणीनुसार आकारणी सुरू करण्यापूर्वी गळती शोधून दुरुस्त करणे हा न्यायाचा आणि व्यवहाराचाही पहिला नियम असला पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

आयर्लंडचा अनुभव

या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद अनुभव अलीकडच्या काळात आयर्लंड या देशाने घेतला. तेथे पाऊस विपुल पडतो, नद्या बारमाही वाहतात. तरीही डब्लिनसारख्या शहराला पाण्याची चणचण भासत आली आहे. या शहराला विक्लो परगण्यातील व्हार्ट्री जलाशयातून पाणी आणण्याची योजना १८६० च्या दशकात पुरी झाली. त्यानंतर शहर वाढत गेले आणि बिडाचे नळ जमिनीखाली पसरत गेले. त्यांपैकी कित्येक नळ शंभर वर्षे उलटून गेल्यावरही कामात राहिले. पहिल्या महायुद्धानंतर मरिनो, क्रमलिन, कॅब्रा अशा उपनगरांत नगरपालिकेने कामगारांसाठी घरांच्या मोठ्या वसाहती उभारल्या. जुन्या घरांना मुख्य नळाशी जोडणारे नळ बहुधा शिशाचे किंवा लोखंडाचे असत. काही ठिकाणी तर घरांच्या ओळीमागून, परसांखालून, एकच सामाईक नळ जाई आणि त्यावरच अनेक कुटुंबांना पाणी मिळे.

आयर्लंडमध्ये घरगुती पाणीपट्टी १९९७ पासून रद्द करण्यात आली होती आणि पाण्याचा खर्च सर्वसाधारण करांतून भागविला जात होता. २००८ नंतरच्या आर्थिक संकटात देशाने बाहेरून कर्ज घेतले, त्या वेळी पाण्याची आकारणी पुन्हा सुरू करण्याचे ठरले. २०१३ साली ‘आयरिश वॉटर’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी रस्त्याकडेच्या पदपथांत, घराच्या हद्दीवर, जलमापक बसविण्याचे काम सुरू झाले आणि पुढे आठ लाखांहून अधिक मापक बसविले गेले. १ ऑक्टोबर २०१४ पासून आकारणी लागू झाली. आरंभीचा दर, पाणीपुरवठा व सांडपाणी मिळून, दर हजार लिटरला ४.८८ युरो होता.

येथे भाड्याच्या वसाहतींतील पेच स्पष्ट दिसतो. मुख्य नळ व मापक राष्ट्रीय संस्थेकडे गेले. घर आणि घरापर्यंतचा नळ नगरपालिकेकडेच राहिला. आणि देयक भरण्याचे दायित्व घरात राहणाऱ्याकडे आले. एकाच नळाचे असे तीन वाटेकरी झाले. मापकाच्या अलीकडे गळती झाली तर ती राष्ट्रीय संस्थेची. पलीकडे झाली तर नगरपालिकेची. पण तिची किंमत मोजावयाची ती मात्र तिसऱ्याने. घराबाहेरील खासगी नळाची पहिली दुरुस्ती विनामूल्य करून देण्याची योजना आयरिश वॉटरने आखली, ही गोष्ट प्रशंसनीयच म्हटली पाहिजे. परंतु घराच्या भिंतींच्या आतील नळकाम तिच्या कक्षेबाहेर होते, आणि आकारणी लागू होण्याच्या दिवसापर्यंत हे काम पुरे होणेही शक्य नव्हते. क्रम उलटा झाला : आधी देयक आणि मागाहून दुरुस्ती.

त्या काळात आयर्लंडच्या रस्त्यांवर मोठी निदर्शने झाली. त्यांमागे अनेक कारणे होती. करांतून एकदा पैसे दिले असता पुन्हा का द्यावे, हा आक्षेप होता. ही संस्था पुढे खासगी हाती जाईल, अशी भीती होती. काटकसरीच्या धोरणाने लोक आधीच गांजलेले होते. सगळा असंतोष गळतीमुळे निर्माण झाला असे म्हणणे चुकीचे ठरेल. तरीही ज्या व्यवस्थेत शुद्ध केलेल्या पाण्याचा जवळजवळ अर्धा भाग वाटेतच नाहीसा होत होता, तिने नागरिकाला थेंबाथेंबाचा हिशेब मागावा, ही विसंगती सामान्य माणसाच्या नजरेतून सुटली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये शासनाने दर कमी केला आणि देयकाला वार्षिक कमाल मर्यादा घातली : एकट्या प्रौढ व्यक्तीला १६० युरो, एकाहून अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबाला २६० युरो. २०१६ साली आकारणी स्थगित झाली आणि २०१७ च्या कायद्याने ती रद्द होऊन भरलेले पैसे लोकांना परत करण्यात आले.

एका छिद्राचा हिशेब

गळतीचे महत्त्व शब्दांनी पटत नाही. त्यासाठी थोडे गणित मांडले पाहिजे. तोटीतील झिजलेल्या वॉशरमुळे दर सेकंदाला एक थेंब पडतो असे मानू. चार थेंबांनी एक मिलिलिटर भरत असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सुमारे २१.६ लिटर पाणी जाते. वर्षाचा आकडा ७,९०० लिटरांच्या घरात येतो. ही गळती डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, आणि म्हणून ती सहसा लवकर बंदही होते.

जमिनीखालची गळती यापेक्षा कितीतरी मोठी असते. सतराव्या शतकात टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, छिद्रातून बाहेर पडणाऱ्या द्रवाचा वेग त्यावरील दाबाच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. नळातील दाब ३० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असेल, तर हा वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर येतो. नळाला केवळ एक मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे टाचणीच्या जाडीइतके, छिद्र आहे अशी कल्पना करावी. बाहेर पडताना धार आकुंचन पावते, त्याची वजावट करूनही दिवसाला जवळजवळ १,००० लिटर पाणी या छिद्रातून निघून जाते. भारतातील नगरांत माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण योजनांसाठी धरले जाते. त्या मानाने हे सात माणसांचे पाणी झाले. छिद्राचा व्यास दुप्पट झाला की गळती चौपट होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या एका छिद्राची किंमत आयर्लंडमधील आरंभीच्या दराने, सवलती व मर्यादा बाजूला ठेवून, काढली तर ती वर्षाला सतराशे युरोंहून अधिक होते. त्यातही एक गंमत अशी की, या दरात सांडपाण्याचा आकार समाविष्ट होता आणि तो मापकाच्या आकड्यावरूनच ठरत असे. जमिनीत मुरलेले पाणी सांडपाण्याच्या नळात कधी शिरलेच नाही. तरी ते वाहून नेल्याचे मूल्य हिशेबात धरले जाणार होते. २०१७ च्या कायद्याने चार माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २,१३,००० लिटर पाणी विनाआकार ठरवून दिले. हे प्रमाण उदार आहे, कारण तेथील सरासरी कुटुंबाचा वापर १,२५,००० लिटर धरलेला होता. पण वर सांगितलेले टाचणीएवढे छिद्र एकटेच वर्षात ३,६०,००० लिटर पाणी सांडते. म्हणजे घराला कुलूप लावून कुटुंब वर्षभर परगावी गेले, तरी मापकाच्या दृष्टीने ते उधळे कुटुंब ठरते.

मापकाचा मूळ उपयोग

मोजणीला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू मुळीच नाही. उलट गळती शोधण्याचे मापकासारखे दुसरे साधन नाही. त्याच्या इतिहासातील एक प्रकरण या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८७३ साली लिव्हरपूल शहराचे अभियंते जॉर्ज डीकन यांनी एक मापक तयार केला. तो घराघराला लावण्यासाठी नव्हता, तर एका संपूर्ण विभागाच्या नळावर बसविण्यासाठी होता. घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या कागदावर त्याची लेखणी रात्रभर पाण्याच्या प्रवाहाची रेषा काढीत असे. रात्री गाव निजलेले असताना पाण्याचा वापर जवळजवळ थांबतो. तरीही रेषा शून्याजवळ उतरली नाही, तर त्या विभागात कोठेतरी गळती आहे हे उघड होई. मग निरीक्षक रस्तोरस्ती जाऊन झडपेवर काठी टेकवीत, तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावून पाण्याचा आवाज ऐकत आणि गळका नळ हुडकून काढीत.

डीकन यांच्या यंत्राने कोणाला देयक पाठविले नाही. त्याने रोगाचे निदान केले, आणि उपचार नगरपालिकेने केला. आजच्या मापकांनाही हीच विद्या अवगत आहे, किंबहुना ती अधिक सूक्ष्म झाली आहे. अहोरात्र एक क्षणही न थांबता पाणी वाहत असेल, तर आधुनिक मापक तशी खूण नोंदवून ठेवतो. आयर्लंडमध्ये मापक बसल्यावर जी मोठी गोष्ट उघडकीस आली ती हीच : घरगुती पाण्याचा फार मोठा वाटा थोड्याच घरांत जात होता, आणि त्याचे प्रमुख कारण लोकांची चैन नसून गळके नळ हे होते. आकारणी रद्द झाल्यावरही हे मापक निरुपयोगी झाले नाहीत. गळती शोधण्याच्या कामी ते येत राहिले. मुख्य नळांची दुरुस्ती व बदल यांचाही नेट वाढला. देशातील एकूण गळती २०१८ साली ४६ टक्के होती, ती २०२३ च्या अखेरीस ३७ टक्क्यांवर आली. हा परिणाम घरगुती देयकाविना घडून आला, हे विसरता कामा नये.

आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप असा की, सर्व घरांचे नळ दुरुस्त होईपर्यंत थांबावयाचे ठरविले तर आकारणीचा दिवस कधीच उजाडणार नाही. हा आक्षेप खरा धरूनही त्याचे उत्तर अवघड नाही. थांबावयाचे आहे ते देयकाने, मोजणीने नव्हे. मापक बसवावेत, निदान वर्षभर त्यांची नोंद घ्यावी, प्रत्येक कुटुंबाला त्याचा आकडा कळवावा, पण पैसे मागू नयेत. ज्या घरांत रात्रीचा प्रवाह थांबत नाही ती घरे आधी हाती घ्यावीत, आणि त्यांतही मोठ्या गळतीपासून आरंभ करावा. थोड्या घरांत मोठी गळती असल्यामुळे अल्प काळातच बरेच पाणी वाचते.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. पैसे पडू लागले म्हणजे माणूस आपोआप दुरुस्ती करून घेतो. तेव्हा दर हाच खरा शिक्षक होय, असे म्हटले जाते. परंतु शिक्षा तिथेच शिकविते, जेथे शिकणाऱ्याच्या हाती उपाय असतो. भाडेकरूला अंगणाखालचा नळ उकरण्याचा अधिकार नाही, आणि शेजाऱ्यांशी सामाईक असलेला नळ बदलण्याचा तर नाहीच नाही. दराचा बोध ज्याला व्हावयास हवा ती घरमालक संस्था या व्यवहारात तोशीस न लागता सुटते. दर जितका वाढेल तितका भाडेकरू गांजेल, आणि नळ जसाच्या तसा गळत राहील.

तिसरा आक्षेप रहिवाशांच्या निष्काळजीपणाविषयी आहे. सगळा दोष संस्थेचा, आणि रहिवाशाला काही कर्तव्यच नाही, असे म्हणणे अर्थातच योग्य होणार नाही. तोटी नीट बंद करणे, शौचकूपाच्या टाकीतील गोळा अडकला असल्यास वेळीच कळविणे, दुरुस्तीला येणाऱ्या कामगाराला घरात येऊ देणे, ही त्याची कर्तव्ये आहेत. पण दोघांची कर्तव्ये निराळी करावयाची तर एक निश्चित सीमारेषा हवी. संस्थेने नळ तपासून ‘या दिवशी या घरात गळती नाही’ असे लेखी द्यावे. तो दिवस हीच सीमारेषा समजावी. त्यापूर्वीचे पाणी संस्थेच्या खात्यावर, त्यानंतरचे रहिवाशाच्या. असे प्रमाणपत्र नसेल तर देयकावरील प्रत्येक आकडा भांडणाचे मूळ ठरतो, आणि वसुलीचा खर्च दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक होऊन बसतो.

भारतातील नगरे

भारतात हा प्रश्न आणखी एका कारणाने गंभीर आहे. येथील बहुतेक नगरांत पाणी दिवसातील काही तासच येते. अखंड पुरवठ्यात गळक्या नळातून पाणी केवळ बाहेर जाते. खंडित पुरवठ्यात ते आतही येते. नळ रिकामा होऊन त्यातील दाब घटला, की भोवतालच्या ओलाव्यातील घाण त्याच छिद्रातून आत शोषली जाते आणि पुढच्या पाळीला ती घराघरांत पोहोचते. म्हणून गळतीची दुरुस्ती हा भारतात पैशाइतकाच आरोग्याचाही विषय आहे. शिवाय पाणी सुटताना रिकाम्या नळातील हवा जोराने पुढे ढकलली जाते आणि ती मापकाची चाके फिरवू शकते. अशा ठिकाणी घाईने सुरू केलेली आकारणी कधी गळतीवर तर कधी चक्क वाऱ्यावर होण्याचा संभव असतो.

योग्य क्रमाचे एक उदाहरण कर्नाटकात सापडते. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांतील निवडक विभागांत २००८ साली अखंड पाणीपुरवठ्याचा प्रयोग झाला. त्यात मापक बसविण्याबरोबरच विभागातील नळ आणि घरजोडण्या नव्या करण्यात आल्या. पाणी चोवीस तास आणि पुरेशा दाबाने मिळू लागले, तेव्हा मोजणीला अर्थ प्राप्त झाला. साताऱ्याच्या कराडजवळील मलकापूरनेही लहान गाव असूनही अखंड व मोजून पुरवठा करून दाखविला. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘अमृत’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हिशेबाबाहेर जाणारे पाणी २० टक्क्यांच्या आत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तेव्हा अनेक नगरांतील शासकीय वसाहतींपुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच. मुंबईसारख्या शहरात पुष्कळदा संपूर्ण इमारतीला एकच मापक असतो आणि देयक बिऱ्हाडांत वाटले जाते. अशा वेळी भूमिगत टाकीला गेलेला तडा किंवा गच्चीवरील टाकीचे अखंड ओसंडणे ही सर्वांच्या डोक्यावर समान बसते, आणि काटकसर करणाऱ्याला तिचा काहीच लाभ मिळत नाही.

यासाठी सार्वजनिक घरे बांधणाऱ्या प्रत्येक संस्थेने आकारणीच्या ठरावातच चार पायऱ्या लिहून ठेवाव्यात : प्रथम मोजणी, मग रहिवाशाला माहिती, मग दुरुस्ती आणि तिचे प्रमाणपत्र, आणि सर्वांत शेवटी देयक. यांतील तिसरी पायरी गाळून चौथीवर पाय ठेवल्यास काय होते, हे आयर्लंडने पाहिले. तेथे अखेर आकारणीही राहिली नाही आणि तिच्यापासून अपेक्षित असलेली काटकसरीची शिस्तही राहिली नाही.

रहिवाशांनाही, विशेषतः शाळेतील मुलांना, या कामी एक साधी परीक्षा करता येईल. रात्री निजण्यापूर्वी घरातील सर्व तोट्या बंद करून मापकाचा आकडा वहीत लिहावा आणि पहाटे कोणी पाणी घेण्यापूर्वी तो पुन्हा वाचावा. आकडा बदलला असेल, तर शौचकूपाच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास वाट पाहावी. पाणी न सोडता खालच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीची झडप गळते आहे. उतरला नाही तर दोष बहुधा दुसऱ्या एखाद्या सांध्यात किंवा जमिनीखालच्या नळात असतो. आठ दिवसांच्या अशा नोंदी वहीत उतरवून, वसाहतीतील सर्व कुटुंबांनी मिळून त्या घरमालक संस्थेकडे लेखी अर्जासह द्याव्यात, आणि अर्जाची पोच घ्यावी. हे सर्व पहिले देयक निघण्यापूर्वी व्हावयास हवे. कारण देयक निघाल्यानंतर हीच वही पुराव्याऐवजी सबब समजली जाते.